कॉल मारण्याआधी गुणाकार करा

"काका, माह्याजवळ बदामाचे दोन, खाली अजून दोन बदाम. समोरच्यानं सगळे लावले. मारू का कॉल?"

कळंबच्या एका चहाच्या टपरीवर एका पोरानं मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर सेकंद उतरत होते. मी चष्मा सावरेपर्यंत त्यानं बोट दाबलंही. पुढे काय झालं ते मी मुद्दाम सांगत नाही. तो जिंकला असता तर तुम्ही त्याला हुशार म्हटलं असतं आणि हरला असता तर मूर्ख. पण बोट दाबलं त्या क्षणी त्यानं हिशेब केलेला नव्हता, आणि चूक तिथेच झाली. चुकीचा कॉलही कधी कधी पैसे देऊन जातो. माणूस वाया जातो तो बहुधा अशाच जिंकलेल्या डावानं.

हिशेब अवघड नाही. ज्याला तीन पत्ती येते त्याला पोकर समजायला अर्धा तास पुरे. हातात दोन पत्ते, खाली सगळ्यांसाठी पाच. आधी तीन उघडतात, मग चौथा, मग पाचवा. त्या पोराच्या डावात तीन उघडले होते. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, समजा 1,200 रुपये होते आणि समोरच्यानं 1,800 लावले. आता कॉल मारायचा तर तुम्ही 1,800 टाकता ते 3,000 मिळवायला. तुमचे धरून एकूण होतात 4,800. 1,800 भागिले 4,800 म्हणजे साडेसदतीस टक्के. असे शंभर डाव खेळलात तर त्यातले निदान साडेसदतीस जिंकले पाहिजेत, तर कुठे बरोबरी.

जिंकणार किती? पाचवा बदाम आला की डाव आपला, असं धरू. बदामाचे एकूण तेरा पत्ते, चार दिसले, राहिले नऊ. दोन पत्ते उघडायचे बाकी असतील तर राहिलेल्या पत्त्यांना चारने गुणा, एकच बाकी असेल तर दोनने. नऊ चोक छत्तीस टक्के. नेमका आकडा 35 टक्क्यांच्या आसपास येतो. हवेत साडेसदतीस, आहेत पस्तीस. म्हणजे पत्ते टाकून द्यायचे. पॉट आधीच 2,400 चा असता तर तेच 1,800 रुपये 30 टक्क्यांच्या भावात पडले असते आणि कॉल बरोबर ठरला असता. पत्ते तेच, समोरचा माणूस तोच. फरक फक्त भावाचा. कापसाला कुठल्या भावात हो म्हणायचं हे ज्याला कळतं त्याला हे वेगळं शिकवावं लागू नये.

आणि कळंबच्या माणसाला तर गुणाकार शिकवायला बाहेरचं कोणी नकोच. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाचा ऋषी गृत्समद. विनोबांनी त्याच्यावर लिहिलं तेव्हा त्याला याच कळंबचा मानलं आणि कापसाची शेती नि गुणाकार या दोन्हींचं श्रेय त्याला दिलं. इतिहासाचे जाणकार यावर काय म्हणतील ते म्हणोत, गावाला हा मान आवडण्यासारखाच आहे. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून जमिनीखाली जाताना मला दर वेळी हा गुणाकारवाला ऋषी आठवतो. त्याच ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक जुगाऱ्याचं सूक्तही आहे. फाशांपायी बायको, घर, अब्रू गमावलेला माणूस त्यात बोलतो आणि शेवटी त्याला शेती करायला सांगितलं जातं. सांगणाऱ्याला यवतमाळ जिल्ह्यातली कोरडवाहू पऱ्हाटी बहुधा ठाऊक नसावी.

तर भावाचा हिशेब झाला. पण एवढं शिकून जी पोरं स्वतःला तज्ज्ञ समजायला लागतात त्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण हिशेब बरोबर असूनही माणूस भिकेला लागतो.

हाती एक्क्यांची जोडी घ्या. पोकरमध्ये याहून चांगली सुरुवात नाही. समोर राजांची जोडी. शंभरातले सुमारे 82 डाव एक्के जिंकतात. असा कॉल सोडणारा वेडाच म्हणावा लागेल. पण तुम्ही दर वेळी खिशातलं सगळंच लावत असाल, म्हणजे ऑल-इन जात असाल, तर? पाच डाव ओळीनं टिकायचे तर 0.82 पाच वेळा घेऊन गुणा, उत्तर येतं 0.37. म्हणजे इतका उत्तम पत्ता दर वेळी हाती येऊनही शंभर जणांतले 63 पाचव्या डावापर्यंत रिकामे झालेले असतात. उरलेल्या सदतीस जणांचे पैसे बत्तीस पट झालेले असतात, आणि जाहिरातीत हसताना दिसतात ते हेच.

आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हे कागदाशिवाय कळत होतं. जूनमधली पेरणी ही ऑल-इनच असते, पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीची वेळ येते. तरी आपला माणूस पऱ्हाटीत काही तासांमागे तुरीचं एक तास टाकतोच. कापसाचा हिशेब चुकला म्हणून तूर टाकत नाही तो, हिशेब बरोबर असला तरी एखादं वर्ष जातंच म्हणून टाकतो. पोकर खेळून पोट भरणारेही एका टेबलावर आपल्या भांडवलाचा लहानसा भागच घेऊन बसतात. आमची पोरं बसतात ती कापसाच्या अख्ख्या चुकाऱ्यावर. आणखी एक, या खेळात प्रत्येक मोठ्या पॉटमधून चालवणारा आपला हिस्सा कापून घेतो. सारख्याच तोलाचे दोन गडी रात्रभर खेळले तर सकाळी दोघांचे मिळून पैसे कमीच उरतात.

समोरचा खोटं बोलतोय का, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. पोळ्याच्या दिवसांत कुणाच्या गोठ्यात फड बसायचा तेव्हा समोरच्याचा घाम दिसायचा, विडी धरलेला हात दिसायचा. मोबाईलवर दिसतं एक टोपणनाव. दोन तास गप्प बसलेल्यानं अचानक सगळं लावलं तर बहुतेक वेळा त्याच्याकडे पत्ता असतो, एवढंच मी सांगेन. आणि टेबलावरची चार नावं एकाच खोलीतले चार मोबाईल असू शकतात, एकमेकांना पत्ते सांगणारे. तेव्हा तुमचे पस्तीस टक्केही पस्तीस राहत नाहीत.

आता कायद्याचं. 1968 साली सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. पुढे ऑनलाइन पत्त्यांच्या कंपन्या त्याच आडोशाला उभ्या राहिल्या. जुलै 2025 मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला मोबाईलवरच्या रमीचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं, महिनाअखेर त्यांचं खातं मात्र बदललं. त्यानंतर ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब, हा वादच त्यात उरला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव बंद केले.

मग आज त्या पोराच्या मोबाईलवर काय चालू आहे? कुणीतरी टेलिग्रामवर पाठवलेली लिंक, परदेशातली साइट, पैसे भरायला रोज बदलणारी कुणाची तरी खाती. जिंकलेले पैसे दिलेच नाहीत तर दाद मागायची कुणाकडे? भावाच्या गणितात आपण धरलं होतं की 4,800 जिंकलो तर 4,800 हाती येतात. ते येतीलच याची खात्री नसेल तर वरचं सगळं गणित खोटं. म्हणून असल्या साइटवरच्या ऑल-इनला माझं उत्तर एकच, पत्ते टाका. हातात एक्के असले तरी टाका. खेळ म्हणून पोकर आवडत असेल तर चिंचोके घेऊन बसा मित्रांसोबत, डोकं तेवढंच लागतं.

"आधीचे आठ हजार त्यातच गेले ना काका," असं ते पोरगं नंतर म्हणालं. गेलेले पैसे पॉटमध्ये पडले की ते तुमचे नाहीत. हिशेब फक्त आता टाकायच्या पैशाचा. आणि त्या पैशाचा मालक कोण, हे टक्केवारीच्या आधी विचारा. बहिणीच्या लग्नाचे? सोसायटीच्या कर्जाचे? खताच्या उधारीचे? पैसा असा असेल तर पुढचं गणित मांडूच नका.

फसवणूक झाली असेल तर लाज न धरता लगेच 1930 वर कळवा, जितका उशीर तितके पैसे दूर जातात. रात्री झोप लागत नसेल, हरलेलं भरून काढायचं एवढंच डोक्यात घोळत असेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी पोराला मारू नये, आधी किती देणं झालंय ते शांतपणे विचारावं. आकडा तो पहिल्यांदा निम्माच सांगेल, दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

आणि ज्या खात्यात पीककर्ज नि कापसाचा चुकारा जमा होतो, त्या खात्याचं यूपीआय पोराच्या मोबाईलमधून आज संध्याकाळीच काढून टाका.