कर्दळीला माळी लागतो

स्तंभ : पाणवठा

उन्हाळा लागला की पुण्याच्या मुळा-मुठेवर, पिंपरी-चिंचवडच्या पवनेवर आणि खाली उजनीच्या फुगवट्यावर जलपर्णी पसरते. डास वाढतात, लोक ओरड करतात, निविदा निघते, यंत्रं नदीत उतरतात. काढलेली जलपर्णी बरेचदा काठावरच पडून राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा पाण्यात जाते. याच दिवसांत कुठल्या तरी नाल्यावर वनस्पतींनी पाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प उभा राहतो. कर्दळ लावली जाते, फीत कापली जाते, फोटो छापून येतात. पाण्यातली एक वनस्पती काढायला पैसा आणि दुसरी लावायलाही पैसा. खरं पाहिलं तर दोन्ही वनस्पती एकच काम करतात, आपल्या सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद खाऊन वाढतात. दोन्हीकडे बिघडतंही एकाच कारणाने: झाड वाढल्यानंतरचं काम कुणाच्याच नावावर नसतं.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, अमेझॉनच्या खोऱ्यातली. एखादं झाड उपटून हातात घ्या. फुगीर देठांखाली काळसर, केसाळ मुळांचा झुपका लोंबत असतो आणि त्याला चिकटलेला बुळबुळीत गाळ बोटांना लागतो. ही तिने पाण्यातून अडवलेली घाण. मुळांवरचे जीवाणू त्यातला सेंद्रिय भाग खातात, झाड नत्र-स्फुरद शोषतं आणि शिसं, कॅडमियम असे जड धातूही मुळांत साठवतं. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’मधले संशोधक बिल वुल्व्हर्टन यांनी मिसिसिपी राज्यात सांडपाण्याच्या तळ्यांत मुद्दाम जलपर्णी वाढवली आणि तिने पाणी सुधारतं हे दाखवून दिलं. पण त्या पद्धतीत वाढलेली जलपर्णी वेळच्या वेळी काढून घेणं धरलेलंच होतं. न काढता ठेवली तर ती मरते, तळाशी बसते, कुजते, आणि शोषलेलं सगळं पाण्याला परत देते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात.

मग काढणं इतकं अवघड का जातं? अनुकूल हवेत जलपर्णी दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक नुसतं पाणी असतं. दहा टनांचा ट्रक भरला तर त्यातलं नऊ टनांहून अधिक पाणीच आपण वाहून नेतो. कंत्राटदार ती काठावर का टाकतो, याचं उत्तर या हिशोबात आहे. पूररेषेबाहेर जागा नेमून ती आधी सुकवायची आणि तिथेच कंपोस्ट करायचं, एवढं निविदेत लिहिलं तर खर्च आटोक्यात येईल. कारखान्यांचं पाणी मिळतं तिथली जलपर्णी मात्र धातूंची तपासणी केल्याशिवाय कुणाच्या शेतात जाता कामा नये.

झाडांनी आणि बियांनी पाणी सुधारण्याची समज आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याच्या सात वस्तू सांगितल्या आहेत, त्यांत निवळीचं बी आहे, कमळाचा कंद आहे आणि साधं कापडही आहे. निवळीचं बी मातीच्या भांड्याच्या आतल्या अंगाला घासून त्यात पाणी भरायचं, ही रीत अनेक ठिकाणी होती. निवळीचं नुसतं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असंही आपल्या जुन्या लोकांनी बजावून ठेवलं आहे. आजच्या प्रकल्पांना हे तंतोतंत लागू आहे.

शेवग्याच्या बीला तर प्रयोगशाळेतही मान मिळाला. सुदानमध्ये नाईलच्या पुराचं गढूळ पाणी बायका शेवग्याच्या बीने निवळत. जर्मन संशोधक सामिया अल अझारिया जान यांनी त्याचा शास्त्रीय अभ्यास केला. झाडावरच वाळलेल्या शेंगेतलं बी घ्यायचं, कागदी पंखांचं टरफल सोलायचं, आतला पांढरा गर कुटून थोड्या पाण्यात कालवायचा आणि फडक्यातून गाळून गढूळ पाण्यात ओतायचा. मिनिटभर भराभर ढवळायचं, मग पाच मिनिटं अगदी सावकाश, आणि तास-दोन तास भांड्याला हात लावायचा नाही. बीमधल्या प्रथिनावर धन प्रभार असतो, मातीच्या कणांवर ऋण. ते एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाशी बसतात. बरेचसे जीवाणूही त्यांच्याबरोबर खाली जातात, पण सगळे जात नाहीत. बीतले सेंद्रिय पदार्थ पाण्यात उरतात, त्यामुळे ते दिवसापेक्षा जास्त साठवलं तर जीवाणू पुन्हा वाढतात. म्हणून शेवग्यानंतरही पाणी उकळायला हवं किंवा त्यात क्लोरीन घालायला हवं. नितळ पाणी आणि पिण्याजोगं पाणी यांत फरक आहे. काविळीचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही. दूषित पाण्याने २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा त्या शहराने याची मोठी किंमत मोजली.

सांडपाण्याचा प्रश्न वेगळा आणि त्याहून मोठा. आपल्या घरांमागे मोरीचं पाणी जिथे पडे तिथे अळू, कर्दळ, केळ हमखास असायची. घरात पाणी घागरींनी यायचं, भांड्यांना राख आणि केसांना शिकेकाई असायची, तोवर एवढ्या झाडांनी भागत होतं. आज नळ घरात आला, साबणचुरा आला, पाणी कितीतरी पटींनी वाढलं आणि ते परसात न जिरता गटारातून थेट ओढ्याला जाऊ लागलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यांतले ५५ महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वांत जास्त. ज्या इंद्रायणीच्या काठावरून, देहूतून आणि आळंदीतून, वारी निघते त्या नदीवर आज फेस तरंगतो. याची लाज आपल्याला वाटलीच पाहिजे.

परसातल्या त्या अळू-कर्दळीला शास्त्राची जोड मिळाली ती मूलक्षेत्र पद्धतीत. जर्मनीत कॅथे सायडेल यांनी १९५०च्या दशकात पाणवनस्पतींनी सांडपाणी सुधारण्याचे प्रयोग सुरू केले. आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने ‘फायटोरिड’ या नावाने हे तंत्र विकसित केलं. रचना साधी आहे. आधी एक टाकी, जिच्यात जड गाळ बसतो. मग खडीचा वाफा, अर्धा-पाऊण मीटर खोल, तळाला अस्तर असलेला. त्यात कर्दळ, पाणकणीस, नळ, वाळा. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून सावकाश सरकतं, म्हणून वास येत नाही आणि डास होत नाहीत. मुळांच्या लगत थोडा प्राणवायू मिळतो, जरा दूर मिळत नाही. प्राणवायू लागणारे आणि त्याविना जगणारे, अशा दोन्ही तऱ्हेचे जीवाणू शेजारी-शेजारी राहतात. पहिले अमोनियाचं नायट्रेट करतात, दुसरे त्या नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडतात. घाण खाण्याचं मुख्य काम जीवाणूंचं आहे. कर्दळ त्यांना आसरा देते.

म्हणून वाफा हिरवा दिसतो यावर जाऊ नका. एका गावाबाहेरचा असा वाफा मी पाहिला. कर्दळ पुरुषभर उंच, लाल फुलांनी लगडलेली. पण पहिल्या टाकीतला गाळ कुणी उपसलाच नव्हता. तो सरकत सरकत खडीत शिरला होता. कुदळीने थोडं उकरलं तर खडे दिसेनात, नुसता काळा, चिकट लगदा. आत वाट नाही म्हणून पाणी वरून वाहत होतं आणि आलं तसंच काळं बाहेर पडत होतं. ग्रामपंचायतीतल्या कर्मचाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “बांधकामाला निधी आला होता. देखभालीला हेडच नाही.” त्याचा काही दोष नव्हता. वाफा बांधणाऱ्यांनी तो सांभाळायला माणूसच ठेवला नव्हता.

जिथे सांभाळणाऱ्याचं पोट त्या पाण्यावर आहे, तिथे काय घडतं ते कोलकात्याच्या पूर्वेला दिसतं. तिथली सुमारे १२,५०० हेक्टरची पाणथळ जमीन २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत घेतलं जातं, त्यांना तिथे ‘भेरी’ म्हणतात. ऊन, शेवाळ आणि जीवाणू मिळून ते पाणी सुधारतात, त्यावर मासे वाढतात. काठाला जलपर्णीची पट्टी राखलेली असते. ती लाटांपासून बांध वाचवते आणि धातू शोषते. आपल्याकडे शिव्या खाणारी हीच वनस्पती तिथे हद्दीत राहते, कारण तिच्यावर रोज कुणाची तरी नजर आहे. पाणी बिघडलं तर मासे मरतील, हे तिथल्या मच्छीमाराला कुणी शिकवावं लागत नाही. या लोकांचं शहाणपण जगासमोर आणलं ते ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने. त्यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं.

झाडांच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. रंगाच्या, औषधांच्या, धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं पाणी कर्दळीच्या गळ्यात मारता येणार नाही. ते कारखान्याच्या आवारातच शुद्ध झालं पाहिजे. मोठ्या शहराचं सगळं सांडपाणीही झाडांवर सोडता येत नाही. आपल्या उष्ण हवेत अशा वाफ्याला माणशी साधारण एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. २०११च्या जनगणनेतल्या पुण्याच्या ३१ लाख लोकांसाठीच साडेसातशे ते दीड हजार एकर लागतील. शहरांना यांत्रिक शुद्धीकरण केंद्रं हवीतच, आणि ती चोवीस तास चालायला हवीत. नाल्यावर लावलेली कर्दळ दाखवून कुणी ती टाळत असेल तर ती फसवणूक आहे.

गावाचं गणित मात्र जुळतं. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी ५५ लिटरचं. दोन हजार वस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर पाणी मिळालं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी झालं, तर ते ८८ हजार लिटर होतं. त्याला अर्धा ते एक एकर वाफा पुरतो. घरोघरी शोषखड्डे झाले तर त्याहूनही कमी लागेल. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने शोषखड्डे करून उघडी गटारं आणि डास दोन्ही हटवल्याचं उदाहरण आपल्यासमोर आहे. उरलेलं पाणी ओढ्याला मिळण्याआधी, गावाच्या शेवटच्या गटाराच्या तोंडाशी वाफ्यात घ्यायचं. एकदा घाण नदीत मिसळली की तिच्यामागे झाडं घेऊन धावण्यात अर्थ नाही.

पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील ठेवला होता. बांधकामावर खर्च होतो कारण बांधकाम दिसतं. गाळ उपसणारा माणूस दिसत नाही. म्हणून माझी सरकारकडे मागणी सरळ आहे. अशा कुठल्याही प्रकल्पाला मंजुरी देताना किमान पाच वर्षांची देखभाल आणि एका प्रशिक्षित माणसाचा पगार अंदाजपत्रकात असलाच पाहिजे. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याची बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) दर महिन्याला तपासून चावडीवर लावली पाहिजे. कापलेली कर्दळ आणि उपसलेला गाळ कुठे जाणार, हे पहिल्याच दिवशी ठरलं पाहिजे. आणि हे काम करणाऱ्याला हातमोजे, गमबूट आणि वेळेवर मजुरी मिळाली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलेलं गाळ उपसण्याचं काम आता सन्मानाची, पगारी नोकरी व्हायला हवं.

वाचकांकडेही एक मागणं आहे. १ मेच्या ग्रामसभेला जा. तुमच्या गावात असा वाफा असेल किंवा होणार असेल, तर किती झाडं लावली हे विचारू नका. पहिल्या टाकीतला गाळ कोण उपसणार, किती महिन्यांनी आणि कोणत्या पैशातून, एवढंच विचारा आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा. आपली घाण आपल्या शिवारातच निस्तरायची, खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात सोडायची नाही, एवढी माणुसकी आपण एकमेकांना देणं लागतो.