अक्षरशत्रू समीक्षा आणि र. कृ. जोशी

पुण्याच्या मार्केट यार्डात माल विकून निघालेल्या शेतकऱ्याच्या हाती आडत्याच्या संगणकातून निघालेली पट्टी पडते. त्याच शहरातील विद्यापीठाच्या मराठी विभागात एखादा शोधप्रबंध सादर होतो. पुष्कळदा या दोन्ही कागदांवरचे अक्षर एकच असते : 'मंगल'. विंडोज २०००पासून बरीच वर्षे संगणकाबरोबर आपोआप येत राहिलेले हे देवनागरी अक्षर कोणी घडवले, हे शेतकऱ्याला ठाऊक नसले तर नवल नाही. त्याचे लक्ष हमाली आणि तोलाई यांच्या आकड्यांवर असते आणि ते तेथेच असायला हवे. परंतु साठोत्तरी कवितेच्या प्रयोगशीलतेवर शेकडो पाने लिहिणाऱ्या संशोधकालाही, आपण ज्या अक्षरात लिहितो आहोत ते एका साठोत्तरी कवीनेच घडवले आहे, याचा पत्ता नसावा, याला केवळ अज्ञान म्हणून भागणार नाही. तो मराठी समीक्षाव्यवहाराचा स्वभाव आहे.

रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांना दोन नावे लाभली. जाहिरात आणि संकल्पन यांच्या जगात ते 'आर. के.', लघुनियतकालिकांच्या वर्तुळात 'र. कृ.'. जे. जे.मध्ये उपयोजित कलेचे शिक्षण, 'उल्का' या जाहिरातसंस्थेतील दीर्घ कारकीर्द, १९८३ ते १९९६ या काळात पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापकी आणि त्यानंतर एनसीएसटीत संगणकीय भारतीय लिप्यांचे काम, हा 'आर. के.' यांचा आलेख. अक्षरांच्या मांडणीलाच रचनातत्त्व मानणारी दृश्यकविता हा 'र. कृ.' यांचा. या दोन नावांच्या मधली भिंत जोशींनी बांधलेली नाही. ती वाङ्मयेतिहासकारांनी बांधली, कारण त्यांना कवीचा पोटापाण्याचा व्यवसाय आणि कवीचे कवित्व वेगळे ठेवणे सोयीचे होते. अरुण कोलटकरांच्या बाबतीतही हेच घडले. ते व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील रेखनकार होते, ही माहिती परिचयात येते आणि कवितेच्या विश्लेषणात विरून जाते.

या स्वभावाचे मूळ दूर नाही. साहित्याचे माध्यम कोणते, या प्रश्नावर मर्ढेकरांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : शब्दांचा नाद नव्हे, तर शब्दांचा भावनात्मक अर्थ. या उत्तरावर दोन पिढ्या वादविवाद झाला. पण त्या वादातल्या बहुतेक पक्षांनी एक गोष्ट न बोलता मान्य केली : नाद की अर्थ, एवढाच काय तो प्रश्न, कागदावरचे अक्षर कोणाच्याच हिशेबात नाही. ते खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचे काम. लेखन ही वाणीची नक्कल आणि मुद्रण ही त्या नकलेची नक्कल, असा हा उतरता जिना आहे. त्याच्या शेवटच्या पायरीवर जोशींनी आयुष्य काढले. समीक्षेला ते दिसले नाहीत, यात आश्चर्य ते काय?

ही उतरंड देवनागरीतच कशी कोसळते, ते पाहण्यासाठी परदेशी सिद्धांतांची उसनवारी करण्याचे कारण नाही. 'कि' हे अक्षर घ्यावे. उच्चारात 'क' आधी आणि इकार नंतर; लेखनात वेलांटी आधी, 'क' नंतर. कानाचा क्रम आणि डोळ्याचा क्रम एका अक्षराच्या आतच फुटतो. संगणकाच्या स्मृतीत उच्चाराचा क्रम साठवला जातो. वेलांटी उचलून पुढे आणून ठेवण्याचे काम त्या अक्षरसंचाच्या नियमांचे आणि ते राबवणाऱ्या यंत्रणेचे असते. जोडाक्षर कोठे जोडावे, कोठे हलन्त ठेवून सोडावे, रफार कोणाच्या माथ्यावर द्यावा, हेही तेथेच ठरते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत अंतर आहे ते 'र'च्या रूपाचे. ते रूप चुकले की समुद्राच्या दऱ्या होतात. म्हणजे अक्षरसंच हा संहितेवर चढवलेला पोशाख नसून संहितेचा पहिला अन्वय आहे. 'मंगल' किंवा 'रघू' यांसारखे संच घडवणारा माणूस म्हणूनच तंत्रज्ञ एवढाच राहत नाही. वाणी आणि डोळा यांच्यामध्ये अक्षर नेमके काय करते, हा एकच प्रश्न जोशींनी कवितेत, वर्गात आणि यंत्रात विचारला. त्यांची कारकीर्द तीन नव्हे, एक आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला परंपरानिष्ठांचा : हे जुने चित्रकाव्यच, आणि मम्मटाने त्याला 'अवर' ठरवून केव्हाच निकाल लावला आहे. पण पद्मबंधात किंवा खड्गबंधात आकृती आधीपासून ठरलेली असते, अक्षरे तिच्यात भरायची असतात. दृश्यकवितेत असा तयार साचा नसतो. अक्षराच्या घडणीतूनच आकृती निघते. दुसरा आक्षेप देशीवाद्यांचा : अपोलिनेरच्या 'कॅलिग्राम्स'पासून (१९१८) ब्राझीलच्या मूर्तकवितेपर्यंतचा हा आयात माल. पण ज्या भाषेत महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंदिस्त केले आणि लिपीलाच पंथाचे कुंपण केले, त्या भाषेत लिपीचा विचार परका कसा? परकी आहे ती, लिपीकडे न पाहता देशीयतेची चर्चा करण्याची सवय.

आता प्रश्न विद्यापीठांचा. ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीची परंपरा एकनाथांपर्यंत, शके १५०६पर्यंत, मागे जाते. राजवाड्यांनंतर पोथीतील एकेका मात्रेसाठी वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. त्याच विभागांत लघुनियतकालिकांतील कविता मात्र निवडक संपादनांतून शिकवली जाते. तेथे ओळींमधली मोकळी जागा कागद वाचवण्यासाठी भरून काढलेली असते, लहानमोठी अक्षरे एका मापाची केलेली असतात, हस्ताक्षरातला मजकूर छापील केलेला असतो. जुन्या पोथीत असे कोणी केले असते तर त्याला पाठभ्रष्ट ठरवले असते. येथे त्याला विद्यार्थी आवृत्ती म्हणतात. मग त्या भ्रष्ट पाठावरून विद्यार्थ्याला विचारले जाते : या कवितेतील प्रयोगशीलता स्पष्ट करा. जी गोष्ट पानावरून पुसून टाकली, तिच्यावर वीस गुण!

जोशींची पूजा बांधावी, असा याचा अर्थ नाही. उलट, समीक्षा जागी असती तर जोशींशी भांडण्याजोगे पुष्कळ आहे. भारतीय भाषांसाठी एकच लिपी कल्पिणारी त्यांची 'देशनागरी' भाषाभाषांमधले लिपिभेद हा अडसर मानते की वैभव, हे विचारायला हवे होते. 'मंगल' हे मुळात पडद्यावर वाचायचे अक्षर. ते ग्रंथाच्या पानावर आणून बसवणाऱ्यांना जाब विचारायला हवा होता. महाराष्ट्र शासनाने २००९ साली पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण ठरवला. 'मंगल'मधील 'ल' मात्र सहसा हिंदी वळणाचा दिसतो. एका मराठी कवीच्या हातून मराठी वळण का निसटले? बाजाराच्या मागणीने, की अखिल भारतीयतेच्या ओढीने? हा सांस्कृतिक राजकारणाचा प्रश्न आहे, आणि तो मराठीच्या अभ्यासकांनी विचारायचा होता. मराठी प्रबंध वर्षानुवर्षे त्याच 'ल'मध्ये सादर होत राहिले आणि मार्गदर्शक, परीक्षक त्यांवर सह्या करीत राहिले.

उपाय अवघड नाहीत. लघुनियतकालिकांचे अंक मूळ पानांच्या प्रतिमांसह उपलब्ध व्हावेत. कवितेच्या पाठचिकित्सेत पानाचा आकार, अक्षराचे माप आणि मोकळी जागा यांची नोंद सक्तीची व्हावी. पदव्युत्तर अभ्यासक्रमात लिपी आणि मुद्रण यांना व्याकरणाच्या शेजारी स्थान मिळावे. हे होत नाही तोवर अक्षरशत्रू हा शब्द निरक्षरांसाठी वापरण्याचा अधिकार मराठी समीक्षेला नाही. मार्केट यार्डातला शेतकरी निदान आपली पट्टी निरखून वाचतो. वजनाचा एक आकडा पुसट उठला तर ती परत करून दुसरी मागतो.