महादेवीचे अश्रू आणि महादेवीचे दुःख

आपल्या जालना जिल्ह्यात हत्ती नाही. तरी जुलै २०२५ च्या अखेरीस नांदणी (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) येथील जैन मठाची महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीण जामनगरच्या वनतारा केंद्रात नेली, तेव्हा आपल्याकडेही तिची चर्चा झालीच. बाजारात बैल विकून मोकळा कासरा घेऊन घरी आलेल्या माणसाला नांदणीकरांचे रडणे समजावून सांगावे लागत नाही.

हत्तीण लहान असताना १९९२ पासून मठात होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिला हलवण्याचा आदेश कायम केला, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. निरोपाच्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना साऱ्यांनी पाहिले. ३ ऑगस्टला हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी गेले.

आता त्या पाण्याचे. माणसाच्या डोळ्यातले पाणी नाकात उतरायला नळी असते, हत्तीला ती नसते. त्यामुळे त्याच्या डोळ्यातला ओलावा एरवीही गालावर ओघळतो. म्हणजे अश्रू हा पुरावा नव्हे. पण म्हणून हत्तीला दुःख नाही, असे कोणी म्हणू नये. ते दुसरीकडे दिसते.

हत्तिणी जन्मभर आई, बहिणी, मावशा यांच्या कळपात राहतात. वडीलधारी हत्तीण पुढे चालते, पाणी कुठे ते तिच्या ध्यानात असते. आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या खर्जातल्या आवाजात त्या काही किलोमीटरवरून एकमेकींशी बोलतात. थायलंडच्या एका छावणीत २६ हत्तींवर अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. एखादा हत्ती घाबरला, की दुसरा जवळ जाई, सोंडेने त्याचे तोंड चाचपी, हलका आवाज काढी. आपल्याकडे मयताच्या घरी बाया पाठीवरून हात फिरवतात, तसलंच ते!

अशा जनावराला एकटे ठेवले तर? साखळीचा हत्ती तासन्‌तास डुलतो. बघणाऱ्याला वाटते, गडी खुशीत आहे. जाणकार त्याला ताणाचे लक्षण मानतात. दावणीचा एकटा बैल दुसऱ्याच्या हंबरण्याकडे कान लावतो, हे आपण रोज बघतो. हत्तीच्या बाबतीत मात्र सोंडेने दिलेला आशीर्वाद तेवढा बघतो. शिवाय कठीण फरशीवर उभे राहून पाय बिघडतात, ते वेगळेच.

नांदणीकरांची माया खोटी होती, असा याचा अर्थ नाही. हत्ती माणसालाही जीव लावतो, माहूत बदलला तर बिथरतो. तीन दशकांची ओळख एका रात्रीत तोडण्याची किंमत जनावरानेही मोजलीच असणार. तिचा हिशेब कुठल्या कागदावर नाही. पण माणसाची माया कळपाची जागा भरून काढत नाही, आणि या मुद्द्यावर न्यायालयाचे पारडे मला जड वाटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने मठाची बाजू घेतली आणि नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला. अशा केंद्राच्या आराखड्यात जागा, तळे, मऊ जमीन, डॉक्टर सगळे येईल. सोबतीला दुसरी हत्तीण येते का, हे आधी विचारावे.