मानधनातले धन

मराठीत ‘मानधन’ हा मोठा चतुर शब्द आहे. त्यातला मान आधी येतो आणि बहुतेक वेळा तेवढाच येतो. धनाच्या जागी शाल, श्रीफळ आणि वर ‘पत्रपुष्प’ लिहिलेले पाकीट. माझ्या कपाटात अशा सतरा शाली आहेत. मुंबईच्या दमट हवेत त्यांचे काय करायचे, हे अद्याप एकाही आयोजकाने सांगितलेले नाही.

तक्रार शालींविषयी नाही. लेखन, चित्रकला, गाणे, नाटक यांत उभे राहू पाहणारी मुले-मुली आता अनेक घरांत आहेत. ‘त्यात पोट भरतं का?’ असे त्यांना विचारणारे आईवडीलच, शेजारच्या लग्नाची पत्रिका सजवायची असली की ‘आमची मुलगी देईल की करून’ म्हणून मोकळे होतात. पैशाचा विषय निघालाच तर ‘आपल्या माणसांकडून कसले घ्यायचे?’ तुझ्या कामाला किंमत नाही, हा पहिला धडा मुलीला बाजाराच्या आधी घर देते.

बँकेत असताना मी छोट्या व्यवसायांचे कर्ज-अर्ज तपासत असे. ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई दुसऱ्या शिलाई यंत्रासाठी कर्ज मागायला आल्या. खर्चाचा तपशील चोख होता : दोरा, हुक, अस्तर, यंत्राचे तेल, विजेचे बिल. त्यांचे स्वतःचे रोजचे आठ तास मात्र कुठेच नव्हते. विचारले तर म्हणाल्या, ‘‘माझं काय साहेब, मी घरचीच!’’ कागदावर धंदा नफ्यात होता. त्यांची मजुरी धरली तर प्रत्येक ब्लाउजमागे तोटा. आम्ही मजुरी धरून शिलाईचे दर नव्याने मांडले, तेव्हा कुठे तो प्रस्ताव उभा राहिला.

कलावंताचा जमाखर्च नेमका असाच असतो. रंग, कागद, रिक्षाभाडे लिहिलेले. स्वतः मात्र ‘घरचाच’. कारण काय, तर काम आवडीचे आहे. आवड असली की मजुरी शून्य धरावी, असा नियम मला कोणत्याही खातेवहीत आढळला नाही. डॉक्टरांनाही त्यांचे काम आवडतेच.

आपल्या श्रमाचे मोल सांगणे म्हणजे स्वतःला थोर समजणेही नव्हे. सोनेतारणाच्या वेळी सराफ कस पाहतो, वजन करतो. दागिना कोणाच्या गळ्यात होता, हे विचारत नाही. माझी कादंबरी चांगली की सुमार, ते वाचक ठरवतील. तिच्यामागे गेलेली दोन वर्षे मात्र आजही मोजता येतात.

हा वाद नवा नाही. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांनाही रॉयल्टी हवी, अशी भूमिका घेतली. ठरलेले पैसे मिळाले की गायकाचा हक्क संपला, असे महंमद रफी यांचे मत. दोघेही मोठे, दोघेही प्रामाणिक. पण काही वर्षे एकत्र गायले नाहीत. पुढे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिची बाजू मांडली. चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले, तर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा आता निर्मात्याला लिहून घेता येत नाही. त्यांनी आपण होऊन सोडला तरी सुटत नाही. कलावंताचा भिडस्त स्वभाव कायदा करणाऱ्यांना ठाऊक असावा!

याच कायद्यात लेखकांच्याही उपयोगाचे आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवे; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. सही करण्याआधी एवढे तरी वाचावे.

‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकांची प्रथा सुरू केली. आजही काही संपादक पदरमोड करून अंक काढतात. त्यांना खुशाल फुकट लिहून द्यावे, मीही देतो. मात्र ती देणगी आहे, हे देणाऱ्याने ठरवलेले असावे. बँकेत देणगी आणि बुडीत कर्ज ही दोन वेगळी खाती असतात. जिथे कागदवाला, छापखाना, बाइंडर यांची बिले वेळेवर चुकती होतात आणि फक्त लेखक-चित्रकारापाशी ‘पुढच्या वर्षी बघू’ होते, तिथे प्रश्न गरिबीचा नसतो.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीकडे अशाच एका अंकाने आठ चित्रे मागितली. ‘नाव होईल’ हे आश्वासन सोबत होतेच. तिने कागदावर तीन आठवड्यांचे काम आणि त्याचा आकडा लिहून पाठवला. तिची आई दोन दिवस धास्तावलेली; काम हातचे जाते की काय! संपादकांचा फोन आला : एवढे जमणार नाही, निम्मे देतो. मुलगी म्हणाली, ‘‘चालेल, चार चित्रं देते.’’ चारच छापून आली, आणि अंकाआधी पैसे आले.