शुद्धि आणि माप

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं नातवाची मुंज झाली. त्या पंक्तीस आपणहि चारचौघांसारखें जेवावें, या इच्छेनें आमच्या वहिनींनीं चैत्रांतच खालच्या तीन पडलेल्या दाढांच्या जागीं काढती कवळी करवून घेतली. परंतु ती एका बाजूनें उचले व हिरडीस टोंचे. मुंजीच्या दिवशीं त्यांनीं पानांतील जिलबी हळूच बाजूस सारली आणि मऊ भातावर भागविलें. तें पाहून आम्हांस फार वाईट वाटलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही रागानेंच दंतवैद्यांकडे गेलों. त्यांनीं प्रांजळपणें सांगितलें, "मास्तर, चूक आमची. ठसा दुपारीं जंतुनाशक पाण्यांत ठेविला, तो संध्याकाळपर्यंत तसाच राहिला." आम्ही म्हणालों, "मग हें औषधाचें स्नान हवेंच कशाला? साध्या पाण्यानें धुतलें म्हणजे झालें!"

यावर ते आम्हांस आंतल्या खोलींत घेऊन गेले. तेथें एक विशीचा मुलगा ठशांत प्लास्टर ओतीत होता. त्याच्या बोटास चिंधी बांधलेली होती. वैद्य म्हणाले, "प्रत्येक ठशावर रोग्याची लाळ असते, कधीं रक्तहि असतें. त्यांतून काविळीचे विषाणु याच्या जखमेंत शिरूं शकतात. नुसत्या पाण्यानें ते सगळे जात नाहींत." आम्ही गप्प झालों. जन्मभर सोवळें-ओवळें पाहिलें, पण या मुलाच्या हाताचा विचार आमच्या मनांत आला नव्हता.

मग त्यांनीं सर्व उलगडून सांगितलें. असे ठसे बहुधा अल्जिनेट नांवाच्या द्रव्याचे घेतात. तें समुद्रांतील शैवालापासून काढतात. दुसऱ्या महायुद्धांत (१९३९ ते १९४५) जपानहून येणारें अगर-अगर दुर्मिळ झालें, तेव्हां त्याचा प्रसार वाढला. त्याची भुकटी पाण्यांत कालविली कीं थोड्याच मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. परंतु तिच्या पोटांत बहुतेक पाणीच असतें. म्हणून असा ठसा पाण्यांत फार वेळ राहिला तर फुगतो, आणि उघड्या हवेंत राहिला तर आकसतो. उकळून शुद्ध करावा तर नासतोच. ठसा बिघडला कीं त्यावरून केलेली कवळीहि बिघडते.

यास उपाय आहे. ठसा तोंडांतून काढतांच वाहत्या पाण्याखालीं धुवावा. नंतर शेंकडा अर्धा भाग सोडियम हायपोक्लोराइट असलेलें पाणी त्यावर फवारून तो बंद पिशवींत सुमारें १० मिनिटें ठेवावा. अथवा तितकाच वेळ त्या पाण्यांत बुडवावा. मग पुन्हां धुवून, जास्तीचें पाणी झटकून, लगेच प्लास्टर ओतावें. सिलिकोनचा ठसा पाण्यास फारशी दाद देत नाहीं, म्हणून तो बुडविला तरी चालतो. पॉलिईथर मात्र पाणी शोषतें. त्यास फार वेळ भिजवूं नये. द्रव्य कोणतें, औषध कोणतें आणि वेळ किती, या तिन्ही गोष्टी एकमेकींस धरून असाव्या लागतात.

वैद्यांनीं नवा ठसा घेतला व घड्याळ समोर ठेवून वरीलप्रमाणें सर्व केलें. त्या मुलाच्या हातांत या वेळीं रबरी मोजे होते. नवी कवळी नीट बसली. आतां वहिनी भाकरी खातात, आणि आम्हांस खिजवून सुपारीहि मागतात. ती मात्र आम्ही देत नाहीं!

वाचकांनीं यांतून एवढेंच घ्यावें. दांतांचें माप देतांना, "ठसा शुद्ध कसा करतां, आणि किती वेळ?" असें दंतवैद्यांस अवश्य विचारावें, त्यांत त्यांचा अवमान नाहीं. शुद्धि टाळली तर दुसऱ्याच्या जिवास धोका, आणि शुद्धीची वेळ विसरली तर आपल्या घासास. अति तेथें माती ही म्हण आम्हीं वर्गांत किती वर्षें शिकविली; तिचा अर्थ आम्हांस कळला तो वहिनींच्या बाजूस सारलेल्या जिलबीनें.