दुखत नाही, म्हणून...

स्त्रीच्या हाताला स्तनात गाठ लागते, तेव्हा घरातील बोलणे बहुधा एकाच वाक्यावर थांबते : "दुखत नाही ना? मग राहू दे." मुलीची परीक्षा होऊ दे, मार्चअखेर उलटू दे, घरचे कार्य पार पडू दे, अशा सबबींत महिने सरतात. वेदना नाही म्हणजे धोका नाही, हा समज अनेक संसारांना फार महाग पडला आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. वेदनेची वाट पाहण्यात उपचाराचा सर्वांत मोलाचा काळ निघून जातो.

याचा अर्थ प्रत्येक गाठ कर्करोगाची असते, असा मुळीच नाही. बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. तरुण वयात हाताखाली सरकणारी फायब्रोॲडिनोमा नावाची साधी गाठ आढळते, तर काही गाठींत केवळ पाणी असते. मात्र गाठ कोणती, हे घरच्या अंदाजाने ठरत नाही. डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी, वयानुसार सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि शंका असल्यास सुईने घेतलेल्या नमुन्याची परीक्षा, या तीन पायऱ्यांनी निदान होते. सुई लावल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. घराण्यात कोणाला हा रोग नव्हता, हाही निर्धास्त राहण्याचा आधार नव्हे, कारण बहुतेक रुग्णांच्या घराण्यात तसा इतिहास नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याला बळी पडल्या. हे चित्र बदलण्यास महागडी यंत्रेच लागतात असे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांच्या अंतराने केवळ हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात रोग आधीच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मृत्यूंत अशी घट दिसली नाही. म्हणूनच तरुण स्त्रीनेही स्वतःला जाणवलेला बदल अंगावर काढणे योग्य नव्हे.

कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. म्हणूनच पहिला हप्ता चुकताच शाखेत हालचाल सुरू होते. खात्याच्या बाबतीत दाखविली जाणारी ही तत्परता घरातील स्त्रीच्या वाट्याला का येऊ नये? स्तनात वा काखेत गाठ, त्वचेवर खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट घ्यावी. डॉक्टरांकडे प्रथम गेल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने ठेवले आहे. शासनाच्या कार्यक्रमानुसार तिशीपुढील स्त्रियांसाठी प्राथमिक तपासणीची सोय सरकारी आरोग्य केंद्रांतून केली जाते. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे.

मात्र ही जबाबदारी एकट्या स्त्रीची नव्हे. संकोच आणि खर्चाची धास्ती यांमुळे ती गप्प राहते. पतीने सोबत जावे, मुलांनी आठवण द्यावी आणि शाखाप्रमुखांनी तपासणीसाठी मागितलेली अर्ध्या दिवसाची रजा कारण न विचारता मंजूर करावी. बहुतेक वेळा अहवाल निर्धोक येईल आणि साऱ्या घराचा जीव भांड्यात पडेल. क्वचित तो तसा नसेल, तर लवकर कळल्याचे मोल त्या घराला आयुष्यभर पुरेल.