पट्टे कुणाचे?

बरेच दिवस हे लिहायचं टाळत होतो. कारण यात चूक माझी आहे, आणि आपली चूक लिहायला बसलं की नेमकं कपाट आवरायचं राहिलंय हे आठवतं. पण परवा अर्धापूरहून आत्येभावाचा फोन आला. "तो पट्ट्यापट्ट्यांचा बोर्ड आठवतो का रे?" असं म्हणून तो जो हसला... म्हटलं, आता लिहूनच टाकू.

अर्धापूर म्हणजे केळी, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. या दादाने केळी पिकवायचं चेंबर टाकलं आणि उद्घाटनाचा फ्लेक्स मी करायचा हे घरात परस्पर ठरून गेलं. "तू कम्प्युटरवाला ना?" पुण्यात नोकरी करणाऱ्याला या प्रश्नातून सुटका नाही. माप २० फूट बाय ८ फूट. मी डोकं लढवलं. डाव्या कडेला कच्च्या केळ्याचा फिका पोपटी, उजव्या कडेला पिकल्या केळ्याचा पिवळा आणि मधे कुठेही सांधा नाही. केळं पिकतं तसंच. स्क्रीनवर काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या एका दुकानात फ्लेक्स उलगडला आणि बघतो तर उभे पट्टे. पंचवीसेक असतील. पोपटी, मग जरा कमी पोपटी, मग आणखी कमी. केळं पिकत नव्हतं, हप्त्याहप्त्याने पिवळं होत होतं. :)

आज स्मायली टाकतोय, तेव्हा मात्र पारा चढला होता. मशीनवर विशीतला एक पोरगा होता. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना मी त्याला नको ते बोललो. हेड साफ करत नाही, लक्ष नाही, वगैरे. मालक म्हणाला, "सर, तुम्ही शांत व्हा, याच्या पगारातून कापतो." आणि मी शांत झालो! ते शांत होणं मला अजून टोचतं.

पोरगा वाद घालत बसला नाही. एवढंच म्हणाला, "सर, मशीन बराबर चालूलाली. पट्टे फाईलीतच हायत." मग त्याने फाईलचा एक भाग काटकोनात फिरवला आणि उरलेल्या फ्लेक्सवर तीन फुटांचा तुकडा छापला. पट्टे आता आडवे आले.

यातली गंमत समजून घ्या. फ्लेक्सच्या मशीनचं हेड रोलच्या रुंदीवर इकडून तिकडे धावतं आणि कापड पुढे सरकत जातं. नॉझल तुंबलं किंवा कापड सरकण्याचं माप चुकलं की रेघा उमटतात, पण त्या नेहमी हेडच्या धावेच्या दिशेने, ठरावीक अंतरावर आणि सपाट रंगातसुद्धा. आमच्या फ्लेक्समध्ये ८ फुटांची बाजू रोलच्या रुंदीवर होती, त्यामुळे मशीनच्या रेघा आणि फाईलचे पट्टे दोन्ही उभेच दिसले असते. म्हणून मी फसलो. पण चित्र फिरवल्यावर पट्टेही फिरले, म्हणजे ते चित्राचे. मशीनचे असते तर जागच्या दिशेलाच राहिले असते. माझी पदवी आणि त्याचा तीन फुटांचा तुकडा, यात तुकडा जिंकला.

रात्री दादाच्या घरी हिशेब मांडला. साध्या ८ बिटच्या फाईलमध्ये एका रंगाच्या फिक्यापासून गडदपर्यंत फक्त २५६ पायऱ्या असतात. माझा पिवळा जवळपास तेवढाच राहत होता, पोपटीपणा येत होता तो सायनमुळे, आणि सायन जात होता २० टक्क्यांवरून शून्यावर. म्हणजे माझ्या वाट्याला २५६ पैकी जेमतेम ५१ पायऱ्या. २० फूट म्हणजे २४० इंच, त्याला ५१ ने भागा. एकेक पायरी पावणेपाच इंचांची! त्यात मी मेल हलका व्हावा म्हणून जेपेगची क्वालिटी खाली ओढली होती, त्या दाबणीत शेजारशेजारच्या पायऱ्या एक झाल्या. उरले दहा-दहा इंची पट्टे.

आणि आपला डोळाही काही साधा नाही. दोन सपाट छटा जिथे भिडतात तिथली कड तो आहे त्यापेक्षा उठून दाखवतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्येच हे नोंदवलंय, म्हणून त्यांना माख पट्टे म्हणतात. फरक एवढासा असला तरी कड लपत नाही.

मग उपाय? इथेच मला सगळ्यात मजा वाटली. चित्र थोडं मळवायचं! संपूर्ण ग्रेडियंटवर एकदोन टक्के नॉईज टाकायचा, अगदी बारीक रांगोळी भुरभुरावी तसा. पायऱ्या तेवढ्याच राहतात, पण कड मोडते, दाणे एकमेकांच्या हद्दीत घुसतात आणि लांबून डोळ्याला उतार सलग वाटतो. एमआयटीतल्या लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये हीच युक्ती डिजिटल चित्रांसाठी मांडली होती. पुढे इंटरनेटचं पूर्वज असलेलं अर्पानेट उभं करणारे तेच हे.

आणि आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आठवा. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून छपाई व्हायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्या पद्धतीत गालावरची छटा सलग रंगाने येत नाही, दगडावरच्या खरखरीत दाण्यांनी आणि हाताने दिलेल्या ठिपक्यांनी येते. भिंग लावून बघा, नुसते ठिपके. दोन पावलं मागे या, गाल.

फ्लेक्स करणाऱ्या घरोघरच्या 'कम्प्युटरवाल्यां'साठी थोडक्यात सांगतो. फाईल पहिल्यापासून १६ बिटमध्ये करा, नंतर १६ केल्याने गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. ग्रेडियंट ओढताना 'डिदर'ची खूण चालू ठेवा. छपाईच्या रंगात एकदाच आणा, तेही शेवटी. नॉईज छापायच्या मापाला टाका, छोट्या फाईलमध्ये टाकून ताणलात तर दाण्यांचे डाग होतात. हलकं जेपेग नको, ते नॉईजही खातं. टिफ पाठवा, नाहीतर पेनड्राईव्ह घेऊन जा. जमलं तर छटांमधला फरकच मोठा ठेवा. आणि पूर्ण काम छापायच्या आधी खऱ्या मापाचा दोन-तीन फुटांचा तुकडा छापून मागा, त्याचे पैसे द्या.

पण माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. आपल्याकडे काम बिघडलं की बोट नेहमी खालच्या हाताकडे जातं. घर गळलं तर गवंडी, कपडा बिघडला तर शिंपी, फ्लेक्सवर पट्टे आले तर मशीनवरचा पोरगा. ज्याने एसीत बसून चूक केली त्याच्याकडे कुणी बघतही नाही, कारण तो इंग्रजी शब्द वापरून बोलतो. पट्टे दिसले तर आधी आपली फाईल उघडून बघावी. तोंड त्याच्यानंतर उघडावं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. नवी फाईल दिली, दोन्ही फ्लेक्सचे मिळून ३२० चौरस फुटांचे पैसे भरले आणि मालकाला सांगितलं, चूक माझी होती, याचा पगार कापायचा नाही. चार गिऱ्हाइकं असायची वाट बघून सांगितलं, कारण बोललोही तसाच होतो. पोरगा मान खाली घालून हसला आणि म्हणाला, "आधी तुकडा काढू का, सर?"

काढला. पट्टे नव्हते. जुना फ्लेक्स दादाने केळीच्या घडांवर झाकायला घेतलाय, म्हणून तर त्याला तो अजून आठवतो.